हपुषेचे माहेर

काष्ठौषधीच्या दुकानात हपुषा मागितली, की काळसर, वाटाण्याएवढी सुकी फळे पुडीत पडतात. चरकसंहितेत गुल्मावर जे हपुषाद्य घृत सांगितले आहे, ते हिच्याच नावाचे. हिंदीत हिला हाऊबेर म्हणतात, इंग्रजीत ज्युनिपर. पाश्चात्त्यांच्या जिन नावाच्या मद्याला वास हिचाच आणि नावही हिचेच!

इतके गुणी झाड आपल्या पन्हाळ्यावर का नसावे? गड सुमारे ३,००० फूट उंच, हवा थंड, वाराही भरपूर. पण झाडाला माणसासारखी नुसती थंड हवा पुरत नाही.

आधी त्याची ओळख करून घेऊ. लिनिअसने १७५३ साली याचे शास्त्रीय नाव ठेवले ज्युनिपेरस कम्युनिस. पाने सुईसारखी टोकदार, तीन-तीनच्या वेढ्यात, वरच्या अंगाला एक पांढरा पट्टा. नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी. ज्याला आपण फळ म्हणतो ते खरे फळ नव्हेच. देवदाराला जसा शंकू येतो, तसाच हाही शंकू; फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळलेले. तो पिकायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून एकाच झुडपावर हिरवी आणि निळी-काळी फळे शेजारी शेजारी नांदतात.

याचा संचार मात्र थक्क करणारा आहे. अलास्का, ग्रीनलंड, युरोप, सैबेरिया, जपान. एवढ्या विस्ताराचे दुसरे सूचिपर्णी झाड नाही. भारतात ते काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत, बहुधा ९,००० फुटांच्या वर, जमिनीलगत पसरलेले आढळते. बी रुजण्यापूर्वी त्याला कित्येक महिने कडक थंडी सोसावी लागते, आणि वाढायला मोकळे ऊन हवे. पन्हाळ्यावर बर्फ नाही. उलट पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुके आणि संततधार. हपुषेने संसार थाटावा तरी कसा?

तिचेच काय, देवदाराच्या वर्गातले एकही झाड महाराष्ट्राच्या रानात आपणहून उगवत नाही. दक्षिण भारतात असे रानटी झाड एकच, केरळ-तामिळनाडूच्या घाटांतले नागेया. आणि त्याची पाने तर रुंद! आपल्या बागांतली मोरपंखी हपुषेच्या कुळातली खरी, पण ती चीनकडची पाहुणी.

लडाखात हपुषेची एक बहीण आहे, शुक्पा. तिचा धूप देवाला चालतो. ती अतिशय सावकाश वाढते आणि सरपणासाठी पुष्कळ तुटली. तरीही हेमिस शुक्पाचन या गावी तिची राई उभी आहे. गावाने ती पवित्र मानली म्हणून. गावाचे नावही तिच्यावरूनच पडले.

आपल्या देवराया अशाच राखल्या गेल्या. तेव्हा थंड हवेच्या गावाला हिमालयाचा थाट यावा म्हणून रोपवाटिकेतून परकी रोपे आणण्यापूर्वी थोडे थांबावे. अंजनी, जांभूळ, हिरडा ही झाडे या जांभ्या दगडावर, या पावसात वाढत आली आहेत. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात. तशी फुले काही हपुषेला येत नाहीत. तिला तिच्या माहेरी सुखाने राहू द्यावे, आणि पन्हाळ्याच्या लेकींना पन्हाळ्यावर जागा ठेवावी.