बर्नादेतच्या घरची बोली

लुर्ड्समातेचा सण ११ फेब्रुवारीस येतो. त्या दिवशी आम्ही धर्मगुरू वेदीवरून बर्नादेतची गोष्ट पुन्हा सांगतो. त्यात एक बाब बहुधा राहून जाते. ही मुलगी फ्रान्समध्ये जन्मली खरी, पण चौदा वर्षांची झाली तरी तिला फ्रेंच येत नव्हते.

लुर्ड्स हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे, बिगोर प्रांतातील गाव. बर्नादेतचे वडील फ्रान्स्वा सुबिरू गिरणी चालवीत. पुढे गिरणी गेली, आणि सारे कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत राहावयास आले. त्या खोलीत रागावणे, लाड करणे, सारे बिगोरच्या बोलीत चाले. शिकलेले लोक तिला 'पात्वा', म्हणजे गावंढळ भाषा म्हणत व बिघडलेले फ्रेंच समजत. वस्तुतः ती ऑक्सितान कुळातील. लॅटिनपासून जशी फ्रेंच निघाली तशीच हीही. अमकी बोली तमक्या भाषेची बिघडलेली पोर, हा वाद आपल्या सीमाभागात कोणास नवा नाही!

१८५७ साली बर्नादेत बार्त्रेस गावी आपल्या दाईकडे मेंढ्या राखावयास राहिली. रात्री दाई तिला फ्रेंच धर्मोपदेशाचे एकेक वाक्य म्हणावयास लावी. मुलीला अर्थ कळेना, शब्द मनात राहीनात; दाईने तिला मंदबुद्धी ठरविले. दाईला दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही. आम्हीही धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाला पुस्तकी उत्तर येईना म्हणून मागे बसविले होते. नंतर त्याच्या आजीच्या ओसरीवर त्याने घरच्या बोलीत उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली, ती आमच्या प्रवचनाहून सरस होती.

१८५८ च्या जानेवारीत बर्नादेत परतली आणि पुढच्याच महिन्यात गुहेपाशी तिला दर्शन झाले. १८ फेब्रुवारीस तिने नाव लिहून मागण्यासाठी कागद-दौत पुढे केली. त्याची गरज नाही, असे त्या स्त्रीने हसून सांगितले, व पंधरा दिवस येथे येण्याची कृपा कराल काय, असे विचारले. हे बर्नादेतच्याच बोलीत, आणि आदरार्थी! दळणाऱ्याच्या पोरीला 'अहो' कोण म्हणणार? याचे आश्चर्य तिला पुढेही वाटत राहिले.

२५ मार्चला नाव कळले : 'के सोय एरा इम्माकुलादा कून्सेप्सिऊ', म्हणजे मी निष्कलंक गर्भसंभव आहे. अर्थ न कळल्याने, विसरू नये म्हणून वाटभर तेच पुटपुटत ती फादर पेरामाल यांच्याकडे गेली. पोप नववे पायस यांनी १८५४ साली लॅटिनमध्ये घोषित केलेले श्रद्धासत्य आता गावच्या बोलीत आलेले ऐकून ते कडक धर्मगुरू गडबडून गेले.

फ्रान्सच्या सरकारने मात्र असल्या बोलींस दीर्घकाळ आपले मानले नाही. त्या समूळ नाहीशा कराव्यात असा अहवाल १७९४ साली ग्रेगवार यांनी दिला, आणि ते स्वतः धर्मगुरू होते, हे आम्हांस खाली मान घालून लिहावे लागते. पुढे कित्येक शाळांत बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात एक खूण अडकवीत. दुसरा कोणी तसे बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जाई. अशा रीतीने मुलेच एकमेकांवर पहारा करू लागली. ती मोठी झाली तेव्हा त्यांनी आपल्या लेकरांशी फ्रेंचच बोलावयाचे ठरविले. बोली उरली म्हाताऱ्यांपुरती, गोठ्यात, चुलीपाशी आणि पोरांपासून लपवावयाच्या गोष्टींत. नातवंडांना आजीचे कळे, पण उत्तर द्यावे तर जीभ वळत नसे. १९५१ साली कायद्याने शाळेत ही भाषा शिकविण्यास मुभा मिळाली, पण तोवर कितीतरी घरांतील धागा तुटला होता.

गोव्यातील वाचकांस हे परके वाटणार नाही. तेथे १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. तो हुकूम आज कागदावर आहे आणि कोकणी घरोघर बोलली जाते. कोणत्या आयांनी ती चुलीपाशी राखली, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

बर्नादेत पुढे धर्मभगिनींच्या शाळेत फ्रेंच लिहा-वाचावयास शिकली, १८६६ साली नेव्हेरच्या मठात गेली आणि १८७९ साली तेथेच प्रभूघरी गेली. गुहेतील मूर्तीच्या पायाशी ते नाव आजही कोरलेले दिसते, तुरुंगाच्या त्या खोलीत बोलत होते त्याच बोलीत.