गटनेते गेले, समाज कुठे उभा आहे?

22 जून 2016 रोजी लखनौमध्ये स्वामीप्रसाद मौर्य यांनी पत्रकारांसमोर बहुजन समाज पक्ष सोडल्याची घोषणा केली. ते साधेसुधे आमदार नव्हते. उत्तर प्रदेश विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते, बसपाच्या विधिमंडळ गटाचे नेते होते आणि बहन मायावतीजींच्या खालोखाल ज्यांचे नाव घेतले जाई अशा मोजक्या लोकांपैकी एक होते. विधानसभेची निवडणूक जेमतेम आठ महिन्यांवर आली होती. पैसे घेऊन उमेदवारी विकली जाते, मान्यवर कांशीरामजींच्या विचारांना तिलांजली दिली गेली, असा आरोप त्यांनी मायावतीजींवर केला. मायावतीजींनीही तेवढ्याच तडफेने उत्तर दिले. मौर्य यांना मुलामुलीसाठी तिकिटे हवी होती, ते स्वतःहून गेले हे बरेच झाले, असे त्या म्हणाल्या.

आपल्या चळवळीत अशा वेळी दोन तट पडतात. एक तट जाणाऱ्याला गद्दार ठरवून मोकळा होतो. दुसरा नेतृत्वाला हुकूमशहा म्हणून मोकळा होतो. दोघांनाही विचार करण्याचा त्रास पडत नाही. आम्हाला हा त्रास घेणे आवश्यक वाटते, कारण गटनेता जातो तेव्हा तो एकटा जात नाही. त्याला विधानसभेत पोहोचवणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते.

मौर्य मूळचे प्रतापगड जिल्ह्यातले. कोइरी-कुशवाह-मौर्य या शेती आणि भाजीपाला पिकवणाऱ्या मागास समाजातले. अलाहाबादला शिकलेले, कायद्याचे पदवीधर. लोकदल, जनता दल अशी वाट चालून ते 1996 च्या सुमारास बसपामध्ये आले आणि रायबरेली जिल्ह्यातील दलमऊ मतदारसंघातून निवडून आले. 2002 साली पुन्हा तेथूनच आले. 2007 साली मायावतीजींनी 403 पैकी 206 जागा जिंकून स्वबळावर सत्ता आणली, तेव्हा मौर्य मात्र दलमऊत हरले. तरीही पक्षाने त्यांना मंत्री केले. 2009 साली कुशीनगरची लोकसभा ते हरले, पण त्याच वर्षी पडरौनाची पोटनिवडणूक जिंकून विधानसभेत परतले. प्रदेशाध्यक्षपदही त्यांना मिळाले. 2012 साली सत्ता गेली, बसपाच्या 80 जागा राहिल्या, मायावतीजी राज्यसभेवर गेल्या आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद मौर्य यांच्याकडे आले. पक्षाने त्यांना काय दिले नाही, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे त्यांनाही अवघड जावे.

आता या कारकिर्दीतील एक प्रकरण आम्ही मुद्दाम वाचकांसमोर ठेवतो, कारण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. ऑगस्ट 2003 मध्ये भाजपबरोबरची युती तुटली आणि मायावतीजींनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. 27 ऑगस्टला बसपाचे 13 आमदार राज्यपालांकडे गेले आणि मुलायमसिंग यादव यांना सरकार बनवण्यासाठी बोलवा, असे पत्र देऊन आले. दोन दिवसांत मुलायमसिंगांचा शपथविधी झाला. या 13 जणांना अपात्र ठरवा, असा अर्ज 4 सप्टेंबर रोजी विधानसभाध्यक्षांपुढे दाखल झाला. अर्ज करणारे होते बसपाचे विधिमंडळ नेते स्वामीप्रसाद मौर्य. तेव्हा अध्यक्षपदी भाजपचे केशरीनाथ त्रिपाठी होते. त्यांनी तो अर्ज बाजूला ठेवला आणि 6 सप्टेंबरला 37 आमदारांची ‘फूट’ मान्य करून टाकली. त्या काळी एकतृतीयांश आमदार फुटले तर कायद्याचे संरक्षण मिळत असे. ते कलम पुढे 91 व्या घटनादुरुस्तीने रद्द झाले.

मौर्य यांनी हा लढा सोडला नाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. 14 फेब्रुवारी 2007 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. ते 13 आमदार 27 ऑगस्ट 2003 पासूनच अपात्र ठरले. राजेंद्रसिंह राणा विरुद्ध स्वामीप्रसाद मौर्य हे या खटल्याचे नाव. पक्षांतरबंदीची चर्चा निघाली की देशभरातील वकील आजही हा निकाल काढून वाचतात. फुटीरांनी साडेतीन वर्षे सत्तेची ऊब घेतली हे खरे, पण ज्या पक्षाच्या मतांवर निवडून आलात त्या पक्षाशी तुम्ही बांधील आहात, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात पक्के झाले. ते ज्याच्या नावाने पक्के झाले तोच माणूस नऊ वर्षांनी पक्ष सोडून निघाला.

निघाला तो कुठे? आमच्या मते हाच खरा प्रश्न आहे. जुलै 2016 मध्ये त्यांनी लोकतांत्रिक बहुजन मंच काढला. कार्यकर्त्यांना वाटले, हा माणूस कांशीरामजींचा विचार घेऊन स्वतंत्र वाट चालेल. पण महिन्याभरातच, 8 ऑगस्टला, अमित शहा यांच्या उपस्थितीत त्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. याच मौर्य यांनी 2014 साली लग्नात गौरी-गणपतीची पूजा करू नका, असे जाहीर सभेत सांगितले होते. त्यांनी काही वावगे सांगितले नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तिसरी प्रतिज्ञा हेच सांगते. दुःख याचे की तेव्हा बसपाने हे त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगून हात झटकले. आणि त्याहून मोठे दुःख याचे की हे सांगणारा माणूस दोन वर्षांत हिंदुत्वाच्या छावणीत जाऊन बसला.

2017 साली ते पडरौनातून भाजपच्या तिकिटावर निवडून आले, योगी आदित्यनाथ यांच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाले. 2019 साली त्यांची कन्या संघमित्रा बदायूंतून भाजपची खासदार झाली. जवळजवळ पाच वर्षे मंत्रिपद भोगल्यावर, निवडणूक तोंडावर असताना 11 जानेवारी 2022 रोजी दलित, मागास, शेतकरी, बेरोजगार यांची उपेक्षा झाली असे कारण देऊन ते बाहेर पडले आणि समाजवादी पक्षात गेले. ही उपेक्षा पहिल्या चार वर्षांत दिसली नव्हती काय? फाजिलनगरात मतदारांनी त्यांना पाडले. समाजवादी पक्षाने विधान परिषदेवर घेतले. 2023 साली त्यांनी रामचरितमानसातील शूद्र आणि स्त्रियांची अवहेलना करणाऱ्या ओळींवर बोट ठेवले. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, धमक्या आल्या. त्या मुद्द्यावर आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत, हे स्पष्ट सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी तोही पक्ष सोडला, राष्ट्रीय शोषित समाज पार्टी काढली, कुशीनगरची लोकसभा लढवली आणि हरले. आठ वर्षांत तीन पक्ष सोडून चौथ्याचा झेंडा.

येथवर वाचून कुणी म्हणेल, झाले, मौर्य संधिसाधू ठरले, विषय संपला. विषय येथे संपत नाही. मौर्य यांच्यानंतर काय झाले ते पाहा. त्यांच्या पाठोपाठ त्याच महिन्यात पक्षाचे जुने नेते आर. के. चौधरी बाहेर पडले. 2017 साली 19 आमदार आले आणि गटनेतेपद लालजी वर्मांकडे गेले. जून 2021 मध्ये त्यांना आणि रामअचल राजभर यांना पक्षातून काढण्यात आले. त्यांच्या जागी शाह आलम ऊर्फ गुड्डू जमाली आले, त्यांनी नोव्हेंबर 2021 मध्येच राजीनामा दिला. लालजी वर्मा समाजवादी पक्षात गेले आणि 2024 साली आंबेडकरनगरचे खासदार झाले. साडेपाच वर्षांत तीन गटनेते गेले. 2022 साली बसपाचा एकच आमदार निवडून आला आणि 2024 साली लोकसभेत एकही खासदार गेला नाही. सगळेच लालची होते, असे मानायचे काय? एखाद्या घरातून एक मुलगा निघून गेला तर मुलाला दोष देता येतो. एकामागून एक सगळेच जाऊ लागले तर घरात काय चालले आहे हे पाहावे लागते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातील व्यक्तिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. हा इशारा फक्त काँग्रेस-भाजपसाठी नव्हता. ज्या पक्षात नेत्याशी मतभेद मांडायला बैठक नाही, तिकीट कुणाला आणि का दिले हे विचारायला जागा नाही, तेथे मतभेद सांगायची एकच जागा उरते, ती म्हणजे पत्रकार परिषद. आणि पत्रकार परिषद झाली की पुढची पायरी दुसऱ्याच्या व्यासपीठाची असते.

आम्ही महाराष्ट्रातल्यांनी उत्तर प्रदेशाकडे बोट दाखवण्याआधी आपले अंगण पाहावे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. या पक्षाचे मुंबईतील मातब्बर नेते, विधिमंडळ गाजवणारे आर. डी. भंडारे साठच्या दशकात काँग्रेसमध्ये गेले, खासदार झाले, पुढे बिहारचे राज्यपाल झाले. त्यांचे भले झाले, पण रिपब्लिकन पक्षाचे आणि समाजाचे काय झाले? पक्षाचे किती गट झाले हे मोजताना आपली बोटे अपुरी पडतात. कांशीरामजी पुण्यात नोकरीला असताना हे सगळे जवळून पाहत होते. म्हणूनच 1982 साली, पुणे कराराला 50 वर्षे होत असताना, त्यांनी ‘चमचा युग’ लिहिले. त्यांच्याच पक्षाच्या गटनेत्यांवर ही पाळी यावी, हा काळाने घेतलेला सूड नाही, आपण न केलेल्या गृहपाठाचा निकाल आहे.

मग पक्ष, पद सोडूच नये काय? सोडावे. बाबासाहेबांनीही 27 सप्टेंबर 1951 रोजी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. मागासांच्या प्रश्नांकडे होणारे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड बिलाची वाताहत ही कारणे त्यांनी सविस्तर लिहून काढली. सभागृहात ते निवेदन करू दिले नाही, तेव्हा 10 ऑक्टोबरला ते वृत्तपत्रांकडे दिले. त्यानंतर ते आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने निवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. पराभव पत्करला, पण दुसऱ्या कुणाच्या दावणीला जाऊन बांधले गेले नाहीत. जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हाच गज लावतो. कारण लिहून दिले काय? कारण आधी पक्षात मांडले होते काय? आणि गेल्यावर समाजाची ताकद वाढली की फक्त स्वतःची खुर्ची?

या गजाला मौर्य उतरत नाहीत. पण त्यांना हा गज लावणाऱ्या पक्षांनी तो आधी स्वतःला लावावा. जिल्ह्याच्या बैठकीत कार्यकर्त्याला उभे राहून प्रश्न विचारता येतो काय? तिकिटांचा निर्णय कुणी आणि कशावर घेतला हे लेखी सांगितले जाते काय? गटनेता आमदार निवडतात की तो वरून येतो? ज्या दिवशी या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या प्रत्येक पक्षात, प्रत्येक गटात ‘होय, आम्ही निवडतो’ अशी येतील, त्या दिवशी एखादा नेता गेला तरी तो एकटाच जाईल. तोवर वाचक बंधू-भगिनींनी पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न विचारायला हात वर करावा. कुणी बसवले तर पुन्हा उभे राहावे. जय भीम!