किरणोत्सर्गावर मिठाचा उतारा?

मार्च 2011 मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांत झुंबड उडाली. असे मीठ किरणोत्सर्गापासून वाचवते, या समजुतीत सत्याचा अंश आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी साधे आणि किरणोत्सारी आयोडीन यांत भेद करत नाही. ती आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल, तर किरणोत्सारी आयोडीनला शिरकाव मिळत नाही. पण त्यासाठी प्रौढाला सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन एकदम लागते. तेवढे मिठातून घ्यायचे तर काही किलो मीठ खावे लागेल आणि तेच जिवावर बेतेल. शिवाय त्यासाठी दिली जाणारी पोटॅशियम आयोडाइडची गोळीसुद्धा वेळेवर घेतली तरच उपयोगी आणि फक्त थायरॉइडपुरती. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यावर तिचा काही परिणाम नाही. तिथे ‘प्रशियन ब्लू’ हे वेगळेच औषध वापरतात.

मिठासारखेच तुळशीचेही नाव घेतले जाते. तुळशीच्या अर्काने उंदरांचे किरणांपासून काही प्रमाणात रक्षण झाल्याचे प्रयोग आहेत, हे खरे. पण मोजून दिलेला अर्क म्हणजे तुळशीचा काढा नव्हे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ‘घ्यायला काय हरकत आहे?’ असेही विचारले जाते. हरकत खोट्या निर्धास्तपणाची आहे; त्यात खरी खबरदारी राहून जाते. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात 1986 साली झालेल्या अपघातानंतर मुलांच्या थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन गेले ते मुख्यतः दुधातून. अशा वेळी काय खावे यापेक्षा काय टाळावे, हेच अधिक मोलाचे ठरते.