माप, वजन आणि स्वयंपाकघर

महाराष्ट्रातून दिल्लीस येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत आजीच्या हातची पाककृतींची वही बहुधा जपून ठेवलेली असते. तीत 'एक शेर तांदूळ' असे लिहिलेले आढळते. परंतु हा शेर कोणता? महाराष्ट्रात धान्य मापाने मोजण्याचा प्रघात होता. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, असा तो हिशेब. त्यातही गावोगावची मापे निरनिराळी. दिल्लीकडे मात्र शेर म्हणजे तराजूतले वजन. ८० तोळ्यांचा हा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरे. शब्द एकच, पण एक जागा मोजतो आणि दुसरा भार.

ही अनागोंदी थांबावी म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. त्या किलोग्रॅमचा राष्ट्रीय नमुना, म्हणजे प्लॅटिनम-इरिडियम या मिश्रधातूचा ५७ क्रमांकाचा दंडगोल, नव्या दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ठेवलेला आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. बाजार असा वजनावर आला. स्वयंपाकघर मात्र अजून वाटीवरच आहे.

वाटीचे वजनात रूपांतर एका ठराविक आकड्याने का होत नाही? कारण मापात पदार्थाबरोबर हवाही शिरते. तांदळाच्या दाण्यांमध्ये फटी राहतात. पिठात त्याहून अधिक हवा असते. चमच्याने हलकेच घातलेला मैदा आणि वाटी डब्यात खुपसून भरलेला मैदा, यांच्या वजनात पाचव्या हिश्शाइतका फरक सहज पडतो. शीग लावली की सपाट केली, हा भेद निराळाच. वजनाला मात्र हवेचे किंवा शिगेचे काही सोयरसुतक नसते.

यावर उपाय सोपा आहे. आपली नेहमीची वाटी रिकामी असताना तोलावी. मग ती काठोकाठ पाण्याने भरून तोलावी. वाढलेले ग्रॅम म्हणजेच वाटीचे मिलिलिटर, कारण एक मिलिलिटर पाणी जवळजवळ एक ग्रॅम भरते. समजा, वाटी १५० मिलिलिटरची निघाली. तीत साखर सुमारे १२५ ग्रॅम, तूप सुमारे १३५ ग्रॅम, तर हलका भरलेला मैदा अवघा ७५ ग्रॅम मावेल. ती कोरडी करून प्रत्येक जिन्नस सपाट भरून एकदा तोलावा आणि आकडा वहीत टिपून ठेवावा. पुढे केवळ त्रैराशिक उरते.

चकलीच्या भाजणीचे उदाहरण घेऊ. चार मापटी तांदूळ, दोन मापटी हरभराडाळ, एक मापटे उडीदडाळ. हे तिन्ही जिन्नस मापाला जवळजवळ सारखेच भरतात. म्हणून मापाऐवजी वजनाने चार-दोन-एक घेतले तरी भाजणी बिघडत नाही. परंतु तीतच एक मापटे पोहे सांगितले असतील, तर सावध राहावे. पोहे तांदळाहून पुष्कळच हलके असतात. त्यांना तांदळाचेच वजन लावले, तर ते दुपटीच्या घरात पडतील आणि चकली बिघडेल.

सगळीकडेच तराजू हवा असे नाही. भाताला तांदळाच्याच वाटीने पाणी घेतो, तेथे वाटी कितीची आहे याने काहीच बिघडत नाही. चिमूटभर हिंगही तोलू नये. पण पीठ, रवा आणि पोहे यांना तराजू हाच खरा आधार.

आजीची वाटी नोएडाच्या किंवा गुरुग्रामच्या घरी पोहोचतेच असे नाही. ती आज हाताशी असेल, तर आजच तोलून घ्यावी आणि वहीतील 'शेरा'शेजारी ग्रॅमचा आकडा लिहून ठेवावा. भांडे हरवते, फुटते, वाटणीत जाते. लिहून ठेवलेले वजन मात्र पुढच्या पिढीच्या हाती त्याच चवीने पोहोचते.