फोटोत चांगलं दिसा, पण तुमच्यासारखंच दिसा



हा लेख वाचण्याआधी एक छोटं काम करा. व्हॉट्सॲप उघडा आणि तुमच्या धंद्याच्या नंबरावर कुठला डीपी लावलाय ते बघा. गुलाबाचं फूल? गणपती? मुलाच्या वाढदिवसाचा केक? की लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढलेले तुम्ही, आणि खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिलेला?

प्रशिक्षणात फोटोचा विषय काढला की बरेच जण मागच्या बाकावर सरकतात. "सर, मालाचा फोटो घ्या ना, माझा कशाला? माझा फोटो चांगला येत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज त्याचाच निकाल लावूया.

आधी ग्राहकाच्या बाजूने बघा. तुम्ही दिवाळीचा फराळ करता. एका अनोळखी माणसाला पाच किलो चिवडा आणि दोनशे लाडू हवे आहेत. तुम्ही त्याला ॲडव्हान्स मागितलाय. यूपीआयवर पैसे सोडण्याआधी तो एकदा तुमचा डीपी मोठा करून बघणार. दुकानात गेलं की गल्ल्यावर बसलेला माणूस दिसतो, त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात. फोनवरच्या धंद्यात गल्ल्यावर तुमचा फोटो बसलेला असतो. तिथे फूल बसलं असेल तर ग्राहकाने विश्वास कुणावर ठेवायचा?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जेनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी याच विषयावर प्रयोग केले. ते २००६ साली प्रसिद्ध झाले. लोकांना अनोळखी चेहरे फक्त एक दशांश सेकंद दाखवले. तेवढ्यात लोकांनी मत बनवलं, हा माणूस भरवशाचा वाटतो की नाही. जास्त वेळ दिला तेव्हाही ते मत फारसं बदललं नाही. आता असं झटपट बनलेलं मत बरोबरच असतं असं नाही. पण ते बनतं, आणि तुम्ही समोर नसताना बनतं. म्हणून फोटोकडे लक्ष द्यायचं.

फोटो "चांगला येत नाही" म्हणजे नेमकं काय होतं?

यात तुमच्या चेहऱ्याचा दोष फार कमी असतो. बहुतेक वेळा कारणं तीन असतात.

पहिलं कारण आरसा. तुम्ही स्वतःला रोज आरशात बघता, म्हणजे उलटं बघता. डावा भांग उजवीकडे, गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला. जग मात्र तुम्हाला सरळ बघतं, आणि फोटोही सरळ दाखवतो. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात महिलांना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी. त्यांना स्वतःची आरशातली प्रत जास्त आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ प्रत आवडली. माणसाला सवयीचं तेच बरं वाटतं. म्हणून फोटो निवडायचं काम एकट्याने करू नका. तुम्हाला रोज बघणाऱ्या दोघा-तिघांना निवडायला सांगा.

दुसरं कारण अंतर. सेल्फीत फोन चेहऱ्याच्या फार जवळ असतो. जी गोष्ट कॅमेऱ्याच्या जवळ ती मोठी दिसते, म्हणून नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे सेल्फीतलं ते नाक तुमचं नाही, अंतराचं आहे.

तिसरं कारण प्रकाश. डोक्यावर ट्यूबलाइट किंवा भर दुपारचं ऊन असेल तर कपाळ चमकतं आणि डोळ्यांखाली काळं पडतं. कुणीही दमलेलं दिसेल.

तिन्ही कारणांवर घरातच उपाय आहे. खर्च शून्य.

जागा निवडा

उघड्या दारासमोर किंवा मोठ्या खिडकीसमोर उभे राहा. तोंड उजेडाकडे. ऊन थेट अंगावर नको, नुसता उजेड हवा. ओसरी, पडवी, गॅलरीची सावली, दुकानाचं शटर वर करून आतली पहिली दोन पावलं, या सगळ्या उत्तम जागा. उजेड थोडा एका बाजूने आला तर आणखी चांगलं, चेहऱ्याला उठाव येतो. वेळ सकाळची किंवा चारनंतरची ठेवा.

घरातला दिवा बंद करा. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा होतो. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडेल.

प्रदर्शनात स्टॉल लावता तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. मंडपाचं कापड लाल असेल तर खालचे सगळे चेहरे लाल येतात, निळी ताडपत्री असेल तर निळे. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात मेहनत करून स्टॉल सजवता, मग फोटोसाठी दोन पावलं बाहेर सावलीत या.

फोन कुठे धरायचा?

आधी लेन्स पुसा. हसू नका! खिशातल्या, पर्समधल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल बसलेलं असतं. निम्मे "धुरकट" फोटो पदराच्या टोकाने सुधारतात.

सेल्फी कॅमेरा बंद, मागचा कॅमेरा चालू. फोन तुमच्यापासून पाच-सहा फुटांवर आणि तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. फोनमध्ये दोनपट झूमचं बटण असेल तर ते वापरा, नसेल तर फोटो नंतर कापून जवळ आणा. मुलगा किंवा शेजारीण काढणार असेल तर त्यांना वाकायला किंवा स्टुलावर चढायला सांगा. खालून काढलेल्या फोटोत हनुवटी दोन होतात. कुणीच नसेल तर फोन डब्याला टेकवून ठेवा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा.

पडद्यावर तुमच्या चेहऱ्यावर बोट टेकवायला सांगा. फोन तिथला उजेड मोजतो. मग बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह आलं तर ते वर-खाली सरकवून चेहरा तुमच्या खऱ्या रंगाचा दिसेपर्यंत जुळवा. पांढरा शर्ट किंवा पांढरी भिंत असेल तेव्हा हे नक्की करा, कारण पांढऱ्याला सांभाळताना फोन चेहरा अंधारात टाकतो.

चेहरा, खांदे, हात

कॅमेऱ्यासमोर सावधानमध्ये उभे राहू नका. अंग किंचित तिरकं, चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी बोटभर पुढे आणि थोडी खाली. करताना विचित्र वाटेल, पण गळा मोकळा दिसतो. श्वास सोडा, खांदे खाली येऊ द्या.

हसण्याचं काय? १८६२ साली ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवलंय की मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही हलतो, आणि तो ठरवून हलवणं अवघड असतं. म्हणून "स्माइल प्लीज" म्हटलं की दात दिसतात आणि डोळे कोरडे राहतात. यावर उपाय सोपा आहे. फोटो काढणाऱ्याने तुम्हाला विचारायचं, "पहिली ऑर्डर कुणी दिली होती?" तुम्ही सांगायला लागा आणि तो फोटो काढत राहील. उत्तर देताना जो चेहरा होतो, तो हवाय आपल्याला. पंचवीस-तीस फोटो काढा. त्यातला एक चांगला निघाला तरी काम झालं.

रोज चष्मा लावत असाल तर तो काढू नका. ग्राहक तुम्हाला चष्म्यासकट ओळखतो. काचेवर चमक येत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला, काचा थोड्या खाली झुकतील आणि चमक जाईल.

तोंड धुवा, घाम रुमालाने टिपा. पावडर अगदी हलकी, नाहीतर फोटोत चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. बारीक चौकटीचा किंवा बारीक रेघांचा कपडा टाळा, फोटोत त्याच्या लहरी उठतात. साधा, एकरंगी, इस्त्रीचा कपडा घ्या. साडी असेल तर पदर पिनेने नीट लावा. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर डोक्यावर टोपी, अंगात एप्रन, नखं कापलेली. हे ग्राहक बघतोच बघतो.

आता रंगाचं बोलूया

बऱ्याच फोनमध्ये ब्युटी मोड आधीपासून चालू असतो. तो तुम्हाला न विचारता कातडी गुळगुळीत करतो आणि चेहरा उजळवतो. सेटिंगमध्ये जा आणि बंद करा.

काही जणांना वाटतं, गोरं दिसलं म्हणजे चांगलं दिसलं. यात फोटोच्या धंद्याचाही हात आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनीची कार्डं लॅबमध्ये रंग जुळवायला वापरत. त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्यांना शर्ली कार्ड म्हणत. मोजपट्टीच गोऱ्या चेहऱ्याची, त्यामुळे सावळ्या माणसांचे फोटो नीट येत नसत. दोष माणसात नव्हता, मोजपट्टीत होता. आज तुमच्या फोनवर उजेड जुळवायची सोय आहे, ती वापरा.

धंद्याच्या हिशोबानेही बघा. डीपीवर गोरीपान, गुळगुळीत पंचविशीतली बाई आहे आणि डिलिव्हरी द्यायला पंचेचाळीस वर्षांच्या सावळ्या, हसतमुख ताई आल्या. ग्राहक क्षणभर थबकतो. फोटो खोटा, मग तूप तरी खरं असेल का? तुम्ही शुद्ध तूप विकता ना, मग सुरुवात शुद्ध फोटोने करा. स्टुडिओत जायचं असेल तर जरूर जा, पण आधीच सांगा, "दादा, रंग उजळू नका, सुरकुत्या पुसू नका."

तीन फोटो तयार ठेवा

एक, चेहऱ्याचा. डीपी गोल दिसतो आणि कोपरे कापले जातात, म्हणून चेहरा मधोमध ठेवा, डोक्यावर थोडी जागा सोडा.

दोन, काम करतानाचा. शिलाई मशीनवर, कढईपाशी, गॅरेजमध्ये गाडी उघडलेली असताना. नजर कामावर, हात दिसतायत. ज्यांना कॅमेऱ्यात बघायला लाज वाटते, त्यांचा हाच फोटो सगळ्यात सुंदर येतो.

तीन, मालाबरोबरचा. दुकानाच्या पाटीखाली किंवा स्टॉलवर. गुगलवरच्या दुकानाच्या माहितीत हा लावा, म्हणजे शोधत येणारा बरोबर तुमच्या दारात पोचेल.

बँकेच्या किंवा कर्जाच्या अर्जाला मात्र वेगळा पासपोर्ट फोटो, अलीकडचा. तिथे यातला कुठलाच चालणार नाही.

टाकण्याआधी फोटो मोठा करून मागची बाजू तपासा. भिंतीवर वीजबिल, टेबलावर आधार कार्ड, ग्राहकाची पत्त्यासकट पावती दिसत नाही ना? कामगार फोटोत असेल तर त्याला विचारलं का?

ताईंसाठी दोन शब्द

कितीतरी घरगुती उद्योगांत पहाटे पाचला उठून पीठ मळते बाई, आणि कार्डावर नाव, नंबर, फोटो असतो घरातल्या पुरुषाचा. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, "माझा फोटो चांगला येत नाही" या वाक्यातून ते झालेलं असतं. पुढे बँकेत, प्रदर्शनात, मोठ्या ऑर्डरच्या वेळी लोक त्या फोटोतल्या माणसालाच मालक समजतात. तुमचा धंदा आहे, तर चेहराही तुमचाच असू द्या.

फोटो लावला की नको ते मेसेज येतात, ही भीती खरी आहे. त्यासाठी धंद्याचा नंबर वेगळा घ्या आणि घरच्या नंबरावरचा डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल असं सेटिंग ठेवा. त्रास देणाऱ्याला उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॉक करा. तरीही चेहरा नकोच असेल तर काम करणाऱ्या तुमच्या हातांचा फोटो लावा आणि खाली तुमचं नाव लिहा. नाव मात्र सोडू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

उद्या सकाळी नऊच्या आत दारातल्या उजेडात उभे राहा, लेन्स पुसा, तीस फोटो काढा. घरातल्या एकाला आणि एका जुन्या ग्राहकाला त्यातले पाच पाठवा आणि एकच प्रश्न विचारा, "यातली मी कुठली?" किंवा "यातला मी कुठला?" ज्यावर दोघांचं बोट पडेल, तो डीपीवर लावा.

मग पुढच्या ऑर्डरच्या तयारीला लागा!