नव्वदाव्या दिवसाच्या आधी

2015 च्या दिवाळीनंतर इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये मी पाहणीला गेले, तेव्हा चोवीस मागांपैकी अकराच चालू होते. शेडचे मालक खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे. आमच्या बँकेचं चाळीस लाखांचं कर्ज त्यांच्या नावावर होतं. विजेचं बिल निम्म्यावर आलेलं, हप्ता पन्नास-पन्नास दिवस उशिरा. चहा पुढे करत ते म्हणाले, "मॅडम, मार्चपर्यंत सांभाळून घ्या."

हे कर्ज अडचणीत आहे, हे शाखेतल्या शिपायालाही कळत होतं. हिशेबाच्या वहीत मात्र ते 'स्टँडर्ड' होतं. आपल्याकडे हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. तोवर लघुउद्योगाच्या कर्जावर 0.25 टक्के तरतूद, म्हणजे तोट्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे, पुरते. चाळीस लाखांवर दहा हजार रुपये. एनपीए झाल्यावर तारण असलेल्या कर्जालाही किमान 15 टक्के लागतात, म्हणजे सहा लाख. मार्चअखेर त्या गृहस्थांनी उसनवारी करून खातं सरळ केलं आणि जूनमध्ये ते एनपीए झालं. दहा हजारांचे सहा लाख एका रात्रीत झाले. तोटा मात्र दिवाळीपासूनच साचत होता.

जगभर हेच घडत होतं. 2008 च्या आर्थिक संकटात बँकांनी तोटा फार उशिरा आणि फार कमी दाखवला, असा ठपका आला. त्यातून आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने जुलै 2014 मध्ये 'आयएफआरएस 9' हे मानक पूर्ण केलं आणि 1 जानेवारी 2018 पासून ते लागू झालं. तोटा होण्याची वाट न पाहता तो आधीच अंदाजा आणि तेवढे पैसे बाजूला ठेवा, असं ते सांगतं. यालाच अपेक्षित पतहानी म्हणतात.

मोजणीला तीन प्रश्न पुरतात. कर्जदार बुडण्याची शक्यता किती? बुडेल त्या दिवशी येणं किती असेल? आणि तारण विकून वगैरे वसुली केल्यावर त्यातलं किती जाईल? तिन्हींचा गुणाकार करायचा. नीट चाललेल्या, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या, खात्याच्या फक्त पुढच्या बारा महिन्यांतला धोका धरतात. समजा शक्यता 2 टक्के आणि बुडणारा भाग 45 टक्के, तर चाळीस लाखांवर छत्तीस हजार. जोखीम लक्षणीय वाढली की खातं दुसऱ्या टप्प्यात जातं आणि कर्जाच्या उरलेल्या सगळ्या मुदतीचा धोका धरावा लागतो. हप्ता तीस दिवसांहून जास्त थकला, तर जोखीम वाढली असंच मानक गृहीत धरतं. बुडण्याची ती शक्यता 25 टक्के धरली, तर तरतूद साडेचार लाख. प्रत्यक्ष बुडीत खात्यांचा तिसरा टप्पा.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. खरी कसोटी ते आकडे ठरवण्यात आहे. कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा आज अर्धीच वापरलेली दिसते. पण अडचणीतला माणूस ती आधी पूर्ण उचलतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. म्हणून न उचललेली रक्कमही हिशेबात येते. वसुलीला पाच वर्षं लागणार असतील, तर त्या पैशाची आजची किंमत धरतात. सुताचे भाव, मंदी, मागणी यांचे चांगले-वाईट अंदाज घेऊन त्यांची भारित सरासरी काढतात. आणि तारण? त्या शेडमधले माग शेवटी भंगारात किलोवर गेले. मूल्यांकनाच्या अहवालातली किंमत आणि काट्यावरची किंमत यांतलं अंतर मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडे मोठ्या बिगरबँक वित्तीय कंपन्या 2018 पासून ही पद्धत पाळतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये मसुदा काढला. त्यात व्यापारी बँकांना 1 एप्रिल 2027 पासून ही पद्धत सुचवली आहे आणि वाढीव तरतुदीचा भार मार्च 2031 पर्यंत पसरवायची मुभा दिली आहे. लघुवित्त बँका, पेमेंट बँका आणि ग्रामीण बँका त्यातून वगळल्या आहेत.

मला ही पद्धत मनापासून पटते. ठेवीदाराचा पैसा सांभाळायचा तर तोटा दिसू लागताच मान्य केला पाहिजे. काळजी एकाच गोष्टीची वाटते. मुख्यालयातलं मॉडेल थकलेले दिवस मोजेल, पण बंद पडलेले माग त्याला दिसणार नाहीत. ते शाखेतल्या अधिकाऱ्याने पाहून लिहिले पाहिजेत आणि त्याचं लिहिणं वर वाचलंही गेलं पाहिजे.

कर्जदारांनाही माझी एक विनंती आहे. हप्ता चुकणार असं दिसलं, तर तीस दिवस उलटायच्या आत शाखेत जा, ऑर्डर आणि बिलं घेऊन बसा, आणि खरी परिस्थिती सांगा. मार्चची वाट पाहू नका.