ओंडका, पाचर आणि सतरा सेकंद

लेक व्हरमाँटला असते. अमेरिकेच्या त्या थंड कोपऱ्यात तिच्या घरी लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी आहे आणि हिवाळाभर तिचं पोट भरावं लागतं. लाकूड तिथे ‘कॉर्ड’च्या मापाने मिळतं. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास, म्हणजे १२८ घनफूट. ओलं लाकूड धुरकटतं, म्हणून आज फोडलेली फाटी पुढच्या हिवाळ्यात जळणार. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरतात, त्यातलाच प्रकार.

जावयांनी तीन कॉर्ड ओंडके अंगणात उतरवून घेतले होते आणि फोडायला हायड्रॉलिक यंत्र आणलं होतं. आडव्या गर्डरवर ओंडका ठेवायचा, दांडा ओढायचा, जॅक पुढे सरकतो आणि ओंडक्याला पाचरीवर दाबतो. (पुस्तकात सिलिंडर म्हणत असतील, आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये तो जॅकच.) दोन दिवसांत जावई वैतागले. “बाबा, फार हळू चालतं हो. याहून जास्त टनांचं घेतलं पाहिजे.”

माझी पस्तीस वर्षं पंप आणि व्हॉल्व्हमध्ये गेली. म्हटलं, थांबा, आधी घड्याळ लावू.

जॅकची एक फेरी, पुढे जाऊन परत येईपर्यंत, सतरा सेकंदांची भरली. मग हिशेब मांडला. बोअर चार इंच, स्ट्रोक चोवीस इंच. जॅक पूर्ण बाहेर यायला जवळजवळ पाच लिटर तेल लागतं. पंपाच्या पट्टीवर लिहिलेलं: ३६०० फेऱ्यांना मिनिटाला ४२ लिटर. म्हणजे जाताना सात सेकंद. येताना आतल्या रॉडने जागा अडवलेली, तेल कमी लागतं, म्हणून सहाच्या आत. सगळे मिळून तेरा. उरलेले चार कुठे गेले?

चोर लगेच सापडला. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून जावई इंजिन पाऊण रेसवर चालवत होते. गिअर पंप प्रत्येक फेरीला ठरलेलंच तेल ढकलतो. फेऱ्या पाऊण, तर तेलही पाऊण. आपला ट्रॅक्टरवाला ट्रॉली उचलताना रेस का देतो? याचसाठी. ४२ चे ३१ लिटर झाले आणि तेराचे सतरा सेकंद.

आता टनांचं. दोनशे बारच्या दाबाला चार इंची जॅक साधारण साडेसोळा टनांचा जोर देतो. पाच इंची घेतला तर जोर सव्वीस टनांवर जातो, पण पोटही दीडपटीहून मोठं होतं. त्याच पंपावर तो पुढे जायला सातऐवजी अकरा सेकंद घेईल. जोर दाबातून येतो, वेग तेलातून. जाहिरातीत मात्र टनांचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन मंद यंत्र घरी आणतं.

या यंत्रातली खरी हुशारी पंपात दडलेली असते. ४२ लिटर तेल दोनशे बारला ढकलायचं तर वीसेक घोड्यांचं इंजिन हवं, आणि इथे जेमतेम साडेसहा घोड्यांचं. तरी चालतं, कारण पंपात गिअरच्या दोन जोड्या असतात, एक मोठी आणि एक छोटी. दाब कमी असतो तोवर दोन्ही तेल देतात. दाब पंचेचाळीस बारच्या आसपास गेला की आतला व्हॉल्व्ह मोठ्या जोडीचं तेल परस्पर टाकीकडे वळवतो आणि छोटी एकटीच जोर लावते. तेल चौथ्या हिश्श्यावर येतं. जॅक एकदम रेंगाळतो, इंजिनाचा सूर खाली जातो. कान असेल त्याला तो क्षण बरोबर कळतो.

म्हणजे पावणेचार टनांच्या आत जे लाकूड फुटतं, ते झपाट्याने फुटतं. गाठ आली की बैलगाडी. तेव्हा कसब एवढंच की मोठी जोडी जास्तीत जास्त वेळ कामात राहावी. मी पाचरीची धार कानशीने सरळ केली. ती कुठेतरी दगडावर आपटून बोथट झालेली. जाड ओंडका मधोमध धरायचं सोडून कडेकडेने फळ्या काढायला लागलो. आधीच्या तड्यांवर पाचर येईल असा ओंडका फिरवून ठेवू लागलो. ओक मुकाट्याने दुभंगतो. एल्म मात्र हट्टी. त्याचे रेशे एकमेकांत गुंतलेले, फुटल्यावरही दोन्ही फाका दोऱ्यांनी लोंबत राहतात. एल्मची रास मी सरळ बाजूला काढली.

सगळ्यात मोठी बचत मात्र फुकटची होती. ओंडके सोळा इंची आणि जॅक दर वेळी चोवीस इंच मागे जाऊन परत येत होता. आठ इंच हवेतली येरझार! मागे येताना ओंडका बसेल एवढी जागा झाली की दांडा मध्यावर आणायचा. पूर्ण रेसवर तेराचे नऊ सेकंद झाले. सरळ रेशांचं लाकूड तर निम्म्या वाटेतच फाकतं. तिथूनच परत फिरावं.

जावई म्हणाले, पंपच मोठा बसवू, साठ लिटरचा. बसतो, पण मग इंजिन मोठं हवं, आणि नळ्याही. पंपाकडे तेल आणणारी नळी बारीक पडली तर पंपाला तेल पुरत नाही, तेलात पोकळ बुडबुडे होतात, आत गारगोट्या घोळल्यासारखा आवाज येतो आणि गिअर खाल्ले जातात. परतीची नळी तर बहुतेक जण विसरतातच. सध्याच्या पंपावरही जॅक मागे येताना रॉडच्या बाजूला ४२ लिटर आत जातं, तेव्हा दुसऱ्या बाजूने ५२ बाहेर पडतं. अर्धा इंची नळीत ते सेकंदाला जवळजवळ सात मीटर धावतं, पाऊण इंचीत तीन मीटर. पाऊण इंची नळी टाकली की परतीची वाट मोकळी. गोठवणाऱ्या सकाळी तेलही काकवीसारखं होतं. आपण इकडे ६८ नंबर वापरतो, तिथे त्याहून पातळ ३२ बरं.

गळती दिसली तर मात्र बोटाने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातड्यात शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. आम्ही पुठ्ठा फिरवून बघायचो.

मागे येताना दांडा आपोआप अडकून राहतो, तेवढ्यात पुढचा ओंडका उचलता येतो; ते ठीक, कारण तेव्हा जॅक आपल्यापासून लांब जात असतो. जावयांना पुढे जातानाही तसंच हवं होतं. रबरी पट्ट्याने दांडा बांधायचा आणि दोन्ही हातांनी ओंडका धरायचा. युरोपात तर अशा यंत्रांना दोन्ही हात दांड्यांवर असल्याशिवाय जॅक पुढे जाऊच नये असा नियम आहे. लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण जावयाला स्पष्ट ‘नाही’ मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. पट्टा काढून खिशात टाकला. तो परवा बॅग रिकामी करताना पुण्यात सापडला.